सत्तर नंबरचं दार

केमीच्या कागदगिरणीतून सुटले त्या हिवाळ्यात
मी हा सर्व्हर लिहायला घेतला.
आधी चारशे ओळी होत्या, आता एकशे बेचाळीस.
बाकीच्या कुठे गेल्या विचारू नका.
लोकरीचा गुंता सुटल्यावर
गाठी कुठे जातात?

सौनाबाहेरच्या खोलीत, मोज्यांच्या फळीवर
तो असतो, साबणाच्या वडीएवढा.
सत्तर नंबरच्या दाराशी कुणी एक ओळ पाठवतं,
तो वाचतो, फाइल देतो,
शेवटी रिकाम्या ओळीवर एक टिंब ठेवतो
आणि दार लावून घेतो.
चित्र नाही, रंग नाही, ‘पुन्हा या’ नाही.

फाइलही एकच.
ओउला सकाळी इनारी सरोवरात भोक पाडतो
आणि फोनवर ओरडतो, “सदतीस!”
मी लिहिते: उत्तर किनारा, बर्फ ३७ सेंटिमीटर.
नदीच्या मुखाशी ९. स्नोमोबाइल नेऊ नका.

फेब्रुवारीत मात्र राहवलं नाही.
आल्यागेल्याची मोजदाद करणारी
एक ओळ घातली. एकशे त्रेचाळीस.
सकाळी आकडा: एक.
पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही.

जाळी टाकणारी आइली असेल?
की आन्तेरो, माझा मुलगा,
जिथं पाणी कधी गोठतच नाही
त्या मालागात, झोप उडालेला?

ओळ खोडली.

हल्ली चारला जाग येते.
अंगणापलीकडे, काचेआड
हिरवा ठिपका एकदा लुकलुकतो.
मी कूस बदलते.