मधली

वूच शहर. पेन्शनची कचेरी, खिडकी क्रमांक चार.
काचेपलीकडची पोरगी मान वर न करता विचारते :
हुद्दा?

कागदावर आहे : सहायक, रंग विभाग, श्रेणी तीन.
खोटं नाही ते.
चौऱ्याऐंशी साली शिक्का मारताना
मॅनेजर व्झोसेक म्हणाले होते,
‘बोगुमिवा, चित्रकार लिहिलं
तर पगारही चित्रकाराचा द्यावा लागेल.’
आम्ही दोघंही हसलो. मी जरा कमी.

काम असं होतं :
मोठे साहेब बोकड काढायचे.
कुंपणाच्या अलीकडे एक, मागचे पाय मुडपलेला.
पलीकडे एक, पोस्टमनची टोपी सावरणारा.
मग सही ठोकून कॉफी प्यायला जायचे.
मधले अकरा बोकड माझे.
हवेतले.
ज्यांना ना इकडची जमीन ना तिकडची,
ज्यांना कुणी पाहिलं नाही,
कारण पाहीपर्यंत ते गेलेले असतात.

नवव्याच्या डोळ्यात मी थोडी भीती घालायचे.
कुणी सांगितलं नव्हतं.
सेकंदाच्या चोविसाव्या हिश्शात मावेल एवढीच.
दहाव्यात काढून घ्यायचे.

आई शेजारणीला सांगायची, ‘मुलगी सिनेमात आहे,’
आणि शेजारीण माझ्या नाकाकडे बघून गप्प व्हायची.
नवऱ्याने जनगणनेच्या माणसाला दारातूनच सांगितलं, गृहिणी.
त्याला वाईट नव्हतं म्हणायचं. बाहेर बर्फ होता, दार उघडं होतं.
मी आत बोकडाच्या कोटाचा हिरवा
नखांतून खरवडत होते.

शेवटच्या पाट्यांत नाव आलं एकदा,
आडनावात एक अक्षर कमी.
तेही पळत गेलं.

पोरगी पेन टकटकवते.
माझ्यामागचा म्हातारा गिरणीतला आहे.
तो ‘विणकर’ म्हणेल आणि सुटेल.
हेवा वाटतो त्याचा.

मी म्हणते, लिही : मधली.
ती यादीवरून बोट फिरवते. दोनदा फिरवते, हे तिचं चांगलं.
‘असं काही नाही यात.’
नसेल. मग आहे तेच राहू दे,
तिसऱ्या श्रेणीला दुसरीपेक्षा
महिना चाळीस झ्वॉटी जास्त असतात म्हणे.

ती शिक्का उचलते.
वर एक शिक्का, कागदावर एक.
मधले मी मोजत राहते, सवयीने :
सहा, सात,
आठव्यात तिचा अंगठा किंचित थरथरतो.

कुणी काढलाय कोण जाणे.
पण छान काढलाय.