नवतपा

माझं नाव शांतवन. आजोबांनी ठेवलं,
मिशनच्या अनाथाश्रमात त्यांना सापडलेला
सगळ्यात मऊ शब्द.
धंदा कूलरचा. सदरपासून मोहननगरपर्यंत
किती गच्च्यांवर माझ्या पाण्याचे डाग आहेत!
मार्चात वाळ्याच्या ताट्या बांधायला घेतो,
मे सरेस्तोवर जेवायला फुरसत नसते.

यंदा नवतप्याचे नऊही दिवस
मेडिकलच्या वॉर्डात गेले.
पोरगी, सुवार्ता, वय वर्षं अकरा,
रक्तात विळे घेऊन जन्मलेली.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं:
ही गोल पेशी, ही वाकडी;
वाकडी अडकते, रस्ता अडवते,
मग हाडं ओरडतात.
अर्धा विळा आईकडचा, अर्धा माझ्याकडचा.
लग्नाआधी आम्ही बाप्तिस्म्याचे दाखले पाहिले होते,
रक्त कोण पाहतं?

तिसऱ्या दिवशी उजागरे पाळक आले,
घामाघूम, खिशात कांदा, हातात मोसंब्यांची पिशवी.
म्हणाले, देव परीक्षा घेतो, शांतवन.
मी म्हणालो, पाचवीची तर आत्ताच झाली तिची.
ते गप्प झाले. स्टूल ओढून बसले.
संध्याकाळपर्यंत बसले.
त्या गप्प बसण्याचं ऋण अजून माझ्यावर आहे.

रात्री दोनला दुखणं चढलं.
नडगीवर हात ठेवला तर म्हणे काढा,
काढला तर म्हणे ठेवा.
सिस्टरनं सुई दिली, म्हणाली, अर्धा तास लागेल.
अर्ध्या तासात मी मोटर उघडून,
वाइंडिंग तपासून, पुन्हा बसवतो.
इथं फिरवायला एक स्क्रू नव्हता.

मनात मी त्याला नको नको ते बोललो.
बाप म्हणवून घेतोस, आणि...
तेवढ्यात ती, डोळे मिटूनच:
बाबा, तुम्ही गेले का?
नाही बेटा. इथंच आहो.
मंग काहून बोलून नाही राहिले?
सुचत नाही काही.
तर नका बोलू. हात तेवढा राहू द्या.

तिला माहीत होतं विळा कुणाकडून आला.
ते चित्र तिच्यासमोरच काढलं होतं.
तरी दुखण्याच्या ऐन टोकावरसुद्धा
हा माझ्यावर माया करतो का,
असं तिनं विचारलं नाही.
हात कुठं आहे, एवढंच विचारलं.

कितीतरी वेळ मी तिथंच अडकून राहिलो.

आमच्या देवाच्या हाताला भोकं आहेत.
हे मी लहानपणीच ऐकलेलं,
रविवारच्या शाळेत लाल खडूनं रंगवलेलं, रेषेबाहेर.
त्या रात्री पहिल्यांदा विचार आला
की तसा हात नडगीवर ठेवला तर कसा लागेल.
खरबरीत. गरम.
काही दुरुस्त न करणारा,
आणि न उचललेला.
असेलही ठेवलेला.
माझ्या हाताखाली की वर, सांगता येणार नाही.

पहाटे तिचा श्वास संथ झाला.
खिडकीतला सरकारी कूलर कोरडाच फिरत होता,
पंपाच्या तोंडात शेवाळ.
सिस्टरच्या केसातली पिन मागून घेतली,
गाळ काढला. ताट्या भिजल्या.
बाहेरची लू होती तीच, तशीच आत येत होती,
फक्त ओल्या गवतातून.
पलीकडच्या खाटेवरची म्हातारी झोपेतच म्हणाली, बाप्पा!

दहाव्या दिवशी सुट्टी झाली.
पुढचा झटका कधी येईल, कुणी सांगत नाही.

रविवारी मंडळीत म्हणाले, साक्ष द्या.
बरी झाली, असं तर म्हणता येत नव्हतं.
उभा राहिलो, बाकाची कड धरली.
म्हणालो, तो गेला नव्हता.
एवढंच. आणि बसलो.
प्रमिलानं माझ्या हाताकडं पाहिलं,
नखांत अजून शेवाळ होतं.
खिशात फोन थरथरत होता,
कुणाचा तरी कूलर बंद पडला असणार.