रिकामा डबा

शालनताई,
परवा दसकला गेले होते, मिक्सर दुरुस्तीला.
दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली.
बाईंनी आतून पाणी आणून दिलं.
तू गेल्यापासून मला एक खोड लागली आहे:
पाणी संपवलं आणि पेला उपडा केला.
तळाला, टिंबाटिंबांनी कोरलेली, तू.

नुसतंच शालन.
भांडीबाजारातला नाव घालणारा अक्षरावर पैसे घ्यायचा,
"तीन अक्षरांत भागतंय की," म्हणालीस,
आडनावाचे पैसे वाचवलेस
आणि त्याच्याच पोराला पेरू घेऊन दिलेस.

पेला कुठून आला, मी विचारलं नाही.
मिक्सर अजून आवाज करतो.

तीस वर्षं प्रेसमध्ये तू नोटांचे ताव तपासलेस.
कुठे शाई फुटली, कुठे आकडा तिरका,
बोटाशी ओला स्पंज, मान खाली.
सुटताना गेटवर झडती:
पिशवी, चपला, डब्याचं झाकण.
डबा रिकामा दिसला पाहिजे, हा सरकारचा नियम.
घरी येऊन तोच डबा घासायचीस,
भरून कुणाकडे तरी धाडायचीस.
डबा रिकामा जाता कामा नये, हा आईचा नियम.
एकाच डब्यावर दोन्ही पाळलेस.

इतका पैसा बघून हिला पैशाचं काही वाटेना,
असं लोक म्हणायचे.
खोटं आहे.
बिटकोला रिक्षावाल्याशी दोन रुपयांसाठी
भर चौकात भांडताना मी तुला पाहिलंय.
आणि वळण संपायच्या आत
त्याच्या मुलीच्या फीची चौकशी करतानाही.

खरं सांगू? मला तुझा राग यायचा.
तो निळा स्वेटर.
दोन हिवाळे मागत होते, तेव्हा कुठे विणलास.
त्या वर्षी थंडी अशी, की बागाईतदार रात्रभर
द्राक्षाच्या ओळींतून शेकोट्या पेटवत होते,
आणि तू तो मला न विचारता
गवत विकायला येणाऱ्या चिमीच्या अंगात घातलास.
बारा दिवस बोलले नाही तुझ्याशी.
तेराव्या दिवशी तू दुसरा विणायला घेतलास,
लोकर पुरली नाही, म्हणून एक बाही तपकिरी.
कॉलेजात तो मी एकदाही घातला नाही.
आता घालते, घरातल्या घरात.
तपकिरी बाही मनगटापाशी आखूड होते.

सिव्हिलमध्ये मी शहाळं आणलं
तर शेजारच्या खाटेकडे सरकवत म्हणालीस,
"मला नारळ बाधतो गं."
जन्मभर भाजी चिरताना
ओलं खोबरं तोंडात टाकणारी तू.
मी काही बोलले नाही.
ती बाई प्यायली, मलई सुद्धा खाल्ली तिने,
आणि तू बघत होतीस,
जसं काही तुझंच पोट भरत होतं.

रामकुंडावर, दहाव्याला,
पिंड नीट मांडूनही झाला नव्हता, तोच कावळा शिवला.
गुरुजी म्हणाले, काही इच्छा उरली नव्हती त्यांची.
असेल.
मला वाटलं, भुकेल्याला ताटकळत ठेवणं
तुला जमलंच नसतं, एवढंच.

तुझा एक डबा माझ्याकडे राहिलाय.
शेवग्याच्या शेंगांची आमटी आली होती त्यातून,
तुझ्या हातची शेवटची, हे तेव्हा माहीत नव्हतं,
म्हणून शिळी झाल्यावर थोडी टाकूनही दिली.
घासून ठेवलाय. परत द्यायचा आहे.
काय भरू, आणि न्यायचा कुठे?

संध्याकाळी प्रेसचा भोंगा होतो
तेव्हा मी झाकण काढते,
गेटवर दाखवतात तसा खिडकीच्या उजेडात धरते:
बघा. काही नाही.

खाली जिन्यात नवी भाडेकरीण बसलेली असते,
कडेवर मूल, दुसरं पायाशी.
नाव अजून विचारलं नाही मी.
आज वरण जरा जास्तच झालंय.