साप जागे आहेत

ट्रकच्या मागच्या बाकांवर आम्ही अकरा जण,
तोंडाला रुमाल, तरी दातांत वाळू.
ओर्लिंडा नेझ एका हाताने स्टिअरिंग सांभाळत
दुसऱ्याने मागे पाण्याच्या बाटल्या देत होती.
नवरा वीजघरात होता, म्हणाली.
ते बंद पडलं. आता हा दगड आमचं घर चालवतो.

उतरल्यावर तिने नाव सांगितलं, पण नावावर थांबली नाही.
आईचं कूळ सांगितलं, मग बापाचं,
मग आईच्या बापाचं, मग बापाच्या बापाचं.
चार खांब रोवून झाले तेव्हा कुठे म्हणाली,
अशी मी एक बाई आहे.
आमच्यातल्या कुणीतरी घड्याळ पाहिलं.

कपारीच्या तोंडाशी ती थांबली.
मूठभर वेळ.
ओठ हलले की नाही, सांगता येणार नाही.
मी तिच्या पाठीमागे होते, ते बरंच झालं.

आत शिरताना खांदा तिरपा करावा लागतो.
मी रंगाला उपमा शोधू लागले:
भाजलेलं मडकं, उंबराचा गर,
राख फुंकल्यावर उघडा पडणारा निखारा.
एकही टिकेना.
वाळूचाच दगड आहे, ती म्हणाली. पाण्याने कोरलेला.

मग ती एकेकाचा फोन घेई,
त्यावर पिवळसर छटा चढवी, गुडघ्यावर बसे.
इथून गरुड दिसतो. इथून अस्वल.
ओसाकाच्या जोडप्याला तिने बाईचा चेहरा दिला,
ओहायोच्या बापलेकांना अस्वल.
सरावाचा हात. दिवसाला सहा फेऱ्या.

वर, वीसेक फुटांवर,
दोन भिंतींत आडवं अडकलेलं जुनिपरचं खोड.
तिथे कुणी ठेवलं?
पावसाने.
पण इथे तर पाऊस...
इथे पडत नाही. तिकडे पडतो, तीस मैलांवर.
तुम्हाला ढगसुद्धा दिसत नाही.
इथे फक्त येतो.

असाच एकदा आला
आणि तिच्या मावशीच्या सात मेंढ्या घेऊन गेला.
मावशीला त्यांच्या भाषेत धाकटी आई म्हणतात.
माय मरो, मावशी उरो,
हे मला तिला सांगायचं होतं,
पण इंग्रजीत आणता आणता त्यातलं नुसतं मरणच उरलं,
म्हणून गप्प राहिले.

ओहायोच्या पोराने विचारलं, नऊ-दहा वर्षांचा असेल,
या जागेची गोष्ट सांगा ना.
तिने पहिल्यांदाच कुणाकडे फोनशिवाय पाहिलं.
गोष्ट आहे, म्हणाली. पण हा जुलै आहे.
साप जागे आहेत. अस्वलं जागी आहेत. वर वीज फिरते आहे.
ती बर्फ पडल्यावर सांगायची असते.
मग आम्हाला कळणारच नाही?
हिवाळ्यात ये.
आम्ही एवढे पैसे भरलेत, बाप हसत म्हणाला,
पण पुरता हसत नव्हता.
भिंतीसाठी भरलेत, ती म्हणाली. तीही हसत.

तेवढ्यात वरच्या फटीतून उन्हाचा एक दांडा
सरळ खाली येऊन वाळूत उभा राहिला.
बायका, पुरुष, सगळे फोन वर.
मीही.
पोरगा तेवढा खाली बघत होता,
हळू पावलं टाकत,
झोपमोड नव्हे, उलटंच,
जागे असलेल्यांना आपण ऐकू जाऊ नये म्हणून.

बाहेर आल्यावर तिने सगळ्यांना बूट झाडायला लावलं.
हे नियमात नाही, म्हणाली. आमच्या घरची सवय आहे.
अकरा जण एका पायावर, एकमेकांच्या खांद्याला धरून,
अनोळखी मोज्यांतून लाल वाळू खाली सांडत होती.

परतीच्या वाटेवर इंजिनाच्या आवाजावरून
पोरगा पुढे वाकून ओरडला, बर्फ कधी पडतो?

पडला की, ती म्हणाली,
आणि आरशात त्याला
थोडा वेळ पाहत राहिली.