दोन टोकं

बेळगुंदीत सायकल दुकानावरच्या खोलीत
आठ पोरं, एक बल्ब, तडा गेलेला फळा.
मी लिहितो: क्षचा वर्ग, वजा चार क्ष, अधिक सात.
त्याखाली: प्रांत, शून्य ते पाच.
मागच्या बाकावरनं कुणीतरी फिसकन हसतं.

हसणारच.
ह्या शब्दापायी त्यांच्या आज्यांनी लाठ्या खाल्ल्या,
बापांनी रातोरात पाट्या रंगवल्या,
आणि यांच्या वाट्याला तो आलाय
चौकोनी कंसात, पाच मार्कांना.

कॉलेजात याला डोमेन म्हणतात,
कन्नड पुस्तकात आणखी काही,
घरी काहीच म्हणत नाहीत.
मी तिन्ही शब्द एकाखाली एक लिहितो
रेशन दुकानातल्या दरांसारखे
आणि म्हणतो, विस्तार काढा.
"म्हणजे रेंज काय ओ सर?"
होय, रेंज.
"ती बेकिनकेरेच्या टेकावर गेल्याबिगर येत नाही.
आली तर महाराष्ट्राची येतीय."

निंगाप्पाच्या सुशांतचा हात सगळ्यांआधी वर.
शून्य घातलं, सात आले. पाच घातलं, बारा.
"सात ते बारा. संपलं, सर."

आठातले सहा असंच करतात, दरवर्षी.
दोन्ही हद्दींवर पळत जायचं,
दगडाला हात लावायचा, परत यायचं
आणि मधला मुलूख न बघताच
उत्तराखाली दोन रेघा.
त्यांना काय बोलू?
आमच्याविषयी बोलायला येणारे मोठे लोकही
हद्दीवरच गाडीतनं उतरतात.

मग भरमाण्णा घाडीची समीक्षा,
पेन्सिलीचं टोक चावत:
"खरं, आमच्या विहिरीचं असं नाही सर."
कसं नाही?
"दिवाळीला बघा, पाण्यावर चार पायऱ्या.
फुडच्या दिवाळीला बघा, परत चार.
म्हणून काय वर्षभर चारच असतात होय?
अक्षय तृतीयेला मी एकोणतीस मोजल्या.
तिसावी शेवाळात होती,
तिच्यावर कासव बसलेलं."

फळ्यावर मी काही लिहीत नाही.
सुशांत वहीत खुडबुड करतोय.
एकला चार. दोनला तीन.
तीनला परत चार?
तो माझ्याकडं असं बघतो
जसं मीच कुठंतरी खड्डा खणून ठेवलाय.

क्ष वजा दोन, त्याचा वर्ग, अधिक तीन.
वर्ग शून्याच्या खाली उतरत नाही,
म्हणून तीन हा तळ.
आणि तो ना ह्या टोकाला, ना त्या.
विस्तार: तीन ते बारा.
सुशांत सात खोडतो,
खोडरबरानं कागद तिथं पातळ होतो.

माझ्या निवृत्तीच्या सत्कारात
कुणीतरी माझं आयुष्य वाचून दाखवलं होतं:
नोकरी लागली अमुक साली, संपली तमुक साली.
टाळ्या.
मधली अकरा वर्षं, तात्पुरता मास्तर,
कुठल्याच मस्टरवर सही नाही,
पगार कधी आला तर पोस्टमन आधी पेढे मागायचा,
ती कुणी काढलीच नाहीत.
मीही काढली नाहीत.

"सर, प्रांत तीनपासनं धरला तर?"
सुशांत हट्टाला पेटलाय.
तीन ते पाच? तर मग चार ते बारा.
"बगा! तिथं माझी रीत चालतीय.
दोन टोकं बघितली, झालं!"
चालते. तिथं आलेख नुसता चढतच जातो.
मला खोटं बोलता येत नाही.

"आणि तीन हे उत्तर कुठं गेलं?"
पुढच्या बाकावरचं कुणीतरी.

दप्तर भरता भरता समीक्षा म्हणते,
"जातंय कुठं.
विहीर हाय तिथंच हाय.
तुम्ही उन्हाळ्यात आला नाहीसा, एवढंच."

खाली दुकानात कुणी चाक फिरवून बघतंय,
वेडंवाकडं आहे का.
मी फळा पुसतो.
प्रांत हा शब्द लवकर पुसला जात नाही,
खडू जरा ओला होता.