खरवड

मकरपुरा रोडवरच्या ऑफिसात मी रेघा रंगवायचो.
कॉम्प्युटर यायच्या आधीची गोष्ट.
टेबलावरून खाली लोंबणारा कागद,
त्यावर केसांइतक्या बारीक काळ्या लाटा:
जहाजाने पाण्यात आवाज सोडला
आणि तळाने तो परत धाडला, त्याची वही.
आडवे मोजायचे ते किलोमीटर.
खाली उतरताना मात्र सेकंद.
खोली आम्ही वेळात मोजायचो.

कर्णिकबाई सांगायच्या, मी पेन्सिल धरायचो.
"घोरपडे, पश्चिमेचा पाट पूर्वेच्या पाटाखाली शिरतोय.
नखं वाढतात त्या वेगाने.
शिरताना अंगावरची सगळी माती आत नेत नाही.
आटवलेल्या दुधाच्या पातेल्यात उलथनं फिरवलं
की पुढे काय गोळा होतं?"
खरवड, मी म्हणालो.
"तीच. तिचा डोंगर होतो.
त्याचं डोकं पाण्याबाहेर आलं
की लोक तिथे नारळ लावतात, शाळा काढतात,
अंदमान म्हणतात."

डोंगरामागे खळगा उरतो.
कुणी खणलेला नाही,
दोन्हीकडे उंच, म्हणून मधे खोल.
उत्तरेच्या नद्या त्यात गाळ ओतत राहतात,
डोंगर बांधासारखा आडवा.
पिवळा, मग हिरवा, मग फिका जांभळा,
लाख लाख वर्षांना मी एकेक पेन्सिल दिली.
जांभळी नेहमी आधी संपायची.
स्टोअरवाला भालचंद्र पटेल विचारायचा,
एवढं काय खाता का तुम्ही?

एकदा तळचा थर मी सरळ ओढला.
पट्टी लावून, देखणा.
बाईंनी खोडरबर पुढे सरकवलं.
"वरचे निजलेत, खालचे कलंडलेत, दिसत नाही?
डोंगर वाढत होता,
खांद्याने ढकलत होता याला,
आणि गाळ पडायचा थांबला नव्हता.
बघा, डोंगराकडे पातळ, इकडे जाड.
आधी भरलं आणि मग मोडलं, असं नाही हे.
भरता भरता मोडलंय."

मी खोडलं. पुन्हा ओढलं, तिरपं.
मग दिसलं की खळग्याचा मध्यही एका जागी नव्हता,
दर थराला थोडा पूर्वेला सरकलेला,
आणि जुना मध्य आता कडेला, जवळजवळ उभा.
त्या संध्याकाळी सेव-उसळीच्या गाडीवर
रस्सा गार झाला तरी माझा पाव हातातच होता.

दोन हजार चार. डिसेंबर, रविवार.
दोघंही केव्हाच निवृत्त.
टीव्हीवर तेच पाणी पुन्हा पुन्हा येत होतं.
दुपारी बाईंचा फोन.
"सतरा नंबरची लाईन आठवते?
खळग्याच्या पश्चिम कडेला तुम्ही लाल रेघ मारली होतीत.
मी पुसायला लावली.
पुरावा कमी आहे म्हणाले होते."

बाई, ती केवढीशी होती, मी म्हणालो.
हे तिच्यामुळे नाही.
हे फार खालचं, पाटावरचा पाट सुटलाय.

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.
"तरी."

मग कुणीच बोललं नाही.
सवयीने मी सेकंद मोजले.
सहा.
तेवढ्यात आपला आवाज
खळग्याच्या बुडाशी जाऊन परत यायचा.