राक्षसगण

ब्लड प्रेशरच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या मिसेस गेडिसनी
काउंटरवरून पुस्तक माझ्याकडे सरकवलं,
आमच्याच फार्मसीच्या कागदी पिशवीत घालून.
वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी.
म्हणाल्या, एकोणिसावं प्रकरण दार लावून वाच.

सहाशे बारा पानं. वर सोनेरी अक्षरं, शिंगं,
आणि एक बाई, जिला कर्कॉडीच्या वाऱ्यात
तसला झगा घालून दोन मिनिटंही उभं राहता येणार नाही.

ती चेटकीण, ब्रायनी. तो दैत्य.
त्याच्या नावात मधेच एक अपॉस्ट्रॉफी आहे,
तिचा उच्चार काय करायचा ते कुणीच सांगत नाही.
मी त्याला कैलास म्हणते.

पहिल्या पानावर कैलास तिचं गाव जाळतो.
चाळिसाव्यावर ती त्याच्या बरगडीत सुरी खुपसते.
नेम चुकतो,
की चुकवते,
इथे मी पुस्तक पालथं ठेवून चहा टाकला.

जेवणाच्या सुट्टीत वाचते, मागच्या खोलीत,
खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांवर बसून.
बसमध्ये वाचते. परवा किंगहॉर्नला उतरायचं राहिलं,
पार बर्नटायलंडला गेले,
आणि परतीच्या बसची वाट बघताना आणखी तीस पानं.

या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वी
बायकांना चेटकीण ठरवून जाळत.
एखादी माझ्यासारखीच औषधं देत असेल.
कुठल्याही कैलासला तिच्यासाठी यावंसं वाटलं नाही.

फोनवर बहिणीला गोष्ट सांगायला गेले तर पंचाईत.
चेटकीण म्हटलं की उलटी पावलं आलीच,
दैत्य म्हटलं की कुणीतरी देव येऊन त्याला मारणार.
आपल्याकडे कुणी त्याला विचारलंच नाही
की बाबा रे, तुला रात्री झोप लागते का.
ब्रायनी विचारते. पान दोनशे सत्तर.
गुहा, बाहेर बर्फ, घोंगडी एकच.
घोंगडी एकच असणार हे मला दहा पानं आधीच कळलं होतं
आणि तरी घसा कोरडा पडला.

माझ्या पत्रिकेत राक्षसगण.
तीन स्थळं त्यावरून परत गेली,
त्यातल्या एका बाईंनी बशीतलं सगळं संपवून मग सांगितलं.
आत्या म्हणाली, लपवू या.
आई म्हणाली, लपवायचं काय, मुलगी समोर बसलीय.
चौथा हेरंब. देवगण.
त्याच्या वडिलांनी पत्रिका उघडलीच नाही,
त्यांना साडेपाचची गाडी पकडायची होती.

आम्ही शत्रू नव्हतो. शत्रुत्वाला ओळख लागते.
कैलासला ठाऊक आहे ती कुठल्या पायावर भार टाकते,
चिडली की कुठला शब्द गिळते.
वैरी बघतो तितकं निरखून दुसरं कोण बघतं?
हेरंब तेवीस वर्षं भांडी चुकीची लावतो डिशवॉशरमध्ये
आणि मी न बोलता पुन्हा लावते.
हेही युद्धच म्हणा,
फक्त यात सुऱ्या टोक खाली करून ठेवायच्या.

काल एकोणिसावं प्रकरण.
बाथरूमची कडी लावली, टबच्या काठावर बसले.
वाचलं.
मग पुन्हा वाचलं, दुसऱ्यांदा सावकाश.
मिसेस गेडिसनी समासात पेन्सिलीने
एक बारीकशी बरोबरची खूण केली होती.

बाहेरून हेरंब: अगं, बरी आहेस ना?
दार उघडलं, आणि त्याच्याकडे
शत्रू बघतो तसं बघितलं.
डावा खांदा उतरलेला. पायजम्याची नाडी लोंबती.
उजव्या भुवईत एक पांढरी खूण,
जिच्याबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं.
विचारलं.
सायकल, तो म्हणाला, सातवीत असताना.
सरक, दात घासायचेत.

सरकले.
पण अगदी थोडीशीच.